दात आंबले

झुंबरनं ताटात भाकरी वाढली. मल्हारीनं ती आमटीत कुस्करली, मग बोटांनी दाबून दाबून तिचा लगदा केला. वरचा पापुद्रासुद्धा त्यानं तसा ठेवला नाही.

"लहान लेकरागत काय खाताय?" झुंबर चुलीपुढून म्हणाली.

"घाई हाय. शेठची गाडी येईल."

"घाईत माणूस घास गिळतो. कालवत बसत नाय."

पाण्याचा तांब्या त्यानं आधीच चुलीच्या कडेला सरकवला होता. पाणी कोमट झालं तसं मान तिरकी करून, तोंडाच्या एकाच बाजूनं तो ते प्यायला. झुंबर बघत राहिली. बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला फेब्रुवारीत पाणी कोमट करून पिताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

वणीच्या अलीकडच्या पट्ट्यात द्राक्षं उतरवायचा हंगाम ऐन भरात आला होता. मल्हारी टोळीचा मुकादम. टोळीत अठरा माणसं, त्यातल्या बारा बाया. पण मुकादम गावोगाव होते. मल्हारीचं नाव होतं ते त्याच्या तोंडामुळं. द्राक्षांचा व्यापारी समाधानशेठ बाग घ्यायच्या आधी त्याला आत पाठवायचा. परदेशी जाणाऱ्या मालाला यंत्र लागायचं. काचेवर रसाचा थेंब टाकला की यंत्र साखर किती भरली ते सांगायचं. पण कानपूर, पाटण्याकडं जाणारा माल मल्हारीच्या चवीवर चालायचा. यंत्र एका मण्याचं सांगतं, मल्हारी बागेचं सांगतो, असं शेठ म्हणायचा.

तो प्रत्येक ओळीत शिरायचा. घडाच्या खांद्याचा मणी आधी, शेंड्याचा नंतर. खांद्याचा मणी लवकर गोड होतो, शेंड्याचा मागं राहतो. शेंड्याचा गोड लागला तरच तो "उतरवा" म्हणायचा. दिवसाला तीन-तीन बागा, दोनशे-अडीचशे मणी. कच्च्या बागेत तोंड आंबून जायचं. संध्याकाळी दातांवरून जीभ फिरवली की ते खरखरीत लागायचे. मग घरी येऊन तो ओट्यावर बसायचा आणि मीठ-कोळशाची पूड बोटावर घेऊन दात खसाखसा घासायचा. आंबलेला दात घासून साफ होतो, असं त्याच्या बापानं सांगितलं होतं. सव्वीस हंगाम तो तसंच करत आला होता.

गेल्या वर्षी पहिली कळ आली. थंड मणी दाताखाली फुटला आणि कानशिलापर्यंत सुई गेल्यासारखं झालं. यंदा तर पहाटेचा वारा तोंडात गेला तरी डोळ्यांत पाणी यायचं. दुपारी टोळी बांधाला जेवायला बसली की तो "शेठला फोन करून येतो" म्हणून विहिरीमागं जायचा आणि डब्यातली भाकरी वरणात भिजवून एकटाच खायचा. सविता नावाची टोळीतली जुनी बाई एकदा पाणी घ्यायला तिकडं आली. तिनं पाहिलं आणि काही न बोलता मागं फिरली. त्याला ते जास्त लागलं.

शेवटी सून ज्योत्स्नानंच धरलं. "नाना, उद्या नाशिकला चला. माझ्या मैत्रिणीची बहीण दातांची डॉक्टर हाय."

"हंगाम झाला की जाऊ."

"हंगाम संपंपर्यंत दात राहतील का?"

डॉक्टरीण पोरसवदाच होती. तिनं त्याला खुर्चीत आडवं केलं, दिवा तोंडावर ओढला आणि बराच वेळ बघितलं. मग वाऱ्याची बारीक नळी दातावर धरली. मल्हारीची टाच खुर्चीवर आपटली.

"काका, काय काम करता?"

त्यानं सांगितलं. मीठ-कोळशाचंही सांगितलं.

तिनं त्याच्या हातात आरसा दिला. "दातावर वरून एक टणक कवच असतं. आंबट लागलं की ते थोडा वेळ मऊ पडतं. तुम्ही दिवसभर आंबट खाता आणि दात मऊ असतानाच कोळशानं घासता. पाटीवरची अक्षरं पुसावीत तसं तुम्ही रोज थोडं थोडं पुसत आलात. हे पुढचे दात बघा, कडेनं आरपार दिसतंय. दाढांना खळगे पडलेत. हे पिवळं दिसतंय ते आतलं."

मल्हारीनं आरशात पाहिलं. इतक्या उजेडात त्यानं स्वतःचं तोंड कधी पाहिलं नव्हतं.

"परत येतं का ते?"

"नाही काका. हाड मोडलं तर जुळतं, कातडं फाटलं तर भरतं. हे नाही भरून येत. आहे ते राखायचं."

"कसं राखायचं?"

"आधी मणी खाणं बंद. खाल्लंच तर लगेच साध्या पाण्यानं चूळ भरायची आणि तासभर घासायचं नाही. कोळसा, मीठ, राख काही नको. मऊ ब्रश आणि मी लिहून देते ती पेस्ट. आणि दाढांवर टोप्या बसवाव्या लागतील. त्या लगेच बसवू."

"हंगाम झाला की येतो," मल्हारी म्हणाला.

ज्योत्स्ना बसमध्ये त्याच्याशी बोलली नाही. गावाजवळ आल्यावर म्हणाली, "टोळीतलं दुसरं कुणी खाईल की मणी."

"दुसऱ्याच्या तोंडावर शेठ बाग घेत नाय पोरी. बाग नाय तर अठरा घरं बसतील."

ते खरंही होतं. पण त्याच्या आड दुसरं एक होतं, ते तो तिला सांगू शकला नाही. तोंड गेलं तर मल्हारीजवळ काय उरतं, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर पाचव्या दिवशी कुसाबाईची बाग आली.

कुसाबाई मल्हारीच्याच गावची लेक. शेजारच्या वाडीत दिलेली. त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. लहानपणी त्याला काखेला मारून ओढ्यावर नेलेली. तो तिला अक्का म्हणायचा, दर राखीला तिच्या दारात जायचा. नवरा गेणू वारल्यावर दोन एकर बाग तिनं एकटीनं ओढली. मुलगा शेखर नाशिकला नोकरीला. मदतीला केरू नावाचा पेठकडचा गडी, एकोणीस वर्षं तिच्याकडं होता. विहिरीजवळच्या खोलीत राहायचा. बागेचं पाणी, फवारणी सगळं त्याच्या हातात.

सकाळी सात वाजता मल्हारी बागेत उतरला. रात्री कडाक्याची थंडी पडली होती. घडांवर दव होतं. पहिल्या ओळीतला शेंड्याचा मणी त्यानं तोंडात टाकला आणि दाताखाली फोडला.

डोळ्यापुढं पांढरं झालं. तो तारेच्या खांबाला धरून उभा राहिला. कळ दाढेतून कानात, कानातून मानेत गेली आणि तिथं ठोके देत बसली. तोंडात गोडी होती, पण ती त्याला दुरून कुणीतरी सांगितल्यासारखी कळली.

दुसरा मणी त्यानं तोडला, हातात धरला आणि खिशात टाकला.

मग तो नुसताच चालत गेला. घड हातात घेतले, रंग पाहिला, अंगठ्यानं दाबून पाहिलं. बाग पाटाच्या बाजूला उतरती होती. वर मुरमाड, खाली काळी जमीन. खालच्या ओळींना ऊन उशिरा पोचतं, गोडी मागं राहते, हे त्याला त्या बागेचं पहिलं रोप लावल्यापासून माहीत होतं. तो खालपर्यंत गेला. एक घड उचलला. दव बोटांना गार लागलं. त्यानं तो सोडून दिला.

वर कुसाबाई कपाळावर हात धरून उभी होती. "झालं?"

"उतरवा."

"सगळी? खालच्या वळी पाहिल्यास ना रे? मला वाटलं अजून आठ दिवस घेतील."

"पाहिल्या," मल्हारी म्हणाला.

"तू म्हणतोस तर झालं." ती लगबगीनं घराकडं गेली, बायांना चहा ठेवायला.

दोन दिवसांत बाग रिकामी झाली. माल क्रेटमध्ये भरून कानपूरला गेला. सहाव्या दिवशी समाधानशेठ स्वतः कुसाबाईच्या अंगणात आला. त्यानं मल्हारीलाही फोन करून बोलावून घेतलं. वाडीतले पाच-सहा जण शेठची गाडी बघून जमले.

शेठनं मोबाइलवर व्हिडिओ लावला. कानपूरच्या मंडीतला एक माणूस क्रेट उघडत होता. त्यानं एक मणी तोंडात टाकला, चेहरा वाकडा केला आणि जमिनीवर थुंकला. मग दुसऱ्या क्रेटमधला घेतला आणि परत थुंकला. शेठनं मोबाइल सगळ्यांना दाखवला. ज्याला दिसलं नव्हतं त्याला पुन्हा दाखवला.

"निम्मा माल फेकला त्यांनी," शेठ म्हणाला. "कुसाबाई, काढणीच्या आधी पाणी दिलं का नाय ते सांगा."

"पाणी? पंधरा दिवस थेंब नाय सोडला मी."

"वजन वाढायला देतात लोक. मी काय आज धंद्याला लागलो का? मल्हारीनं चव पाहिली तेव्हा माल गोड होता. त्याच्या तोंडाला सव्वीस वर्षांत चूक नाय. मग दोन दिवसांत तो आंबट कसा झाला? मण्यात पाणी फिरलं, दुसरं काय!"

"शेठ, मी कशाला असं करू?"

"ते तुम्हालाच माहीत. ठरल्या भावाच्या निम्म्यावर घ्या, नायतर राहू द्या. आणि पुढल्या साली मला बोलवू नका."

कुसाबाईनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती मल्हारीवर येऊन थांबली. "मल्हारी, तू सांग यांना. तू तर बागेत होतास. जमीन ओली होती का?"

मल्हारीची जीभ दातांच्या मागं गेली. अंगणात सगळे त्याच्याकडं बघत होते. शेठ बघत होता. आता बोललं की तोंडाची गोष्ट निघणार.

"माझ्या ध्यानात नाय अक्का," तो म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली.

कुसाबाई त्याच्याकडं आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग डोक्यावरचा पदर नीट करून आत गेली.

वाडीत बोलणं पसरलं. बाईनं पाणी पाजलं, लोभानं माल नासवला. टोळीतल्या बायाही काम करता करता तेच बोलत. सविता एकदा म्हणाली, "कुसामावशी तसली नाय बाई." कुणी ऐकलं नाही. मल्हारी पुढच्या ओळीत होता, त्यानं ऐकलं. त्या आठवड्यात त्यानं चार बागा पाहिल्या. प्रत्येक मणी दाताखाली फोडला. कळ आली की तारेला धरून उभा राहायचा आणि मग पुढचा मणी घ्यायचा. शिक्षा घेतल्यासारखा. पण तेवढ्यानं कुसाबाईचा माल काही गोड होणार नव्हता.

एका संध्याकाळी जेवताना त्याच्या पुढच्या दाताचा टवका निघाला. भिजवलेल्या भाकरीत. त्यानं तो तळहातावर घेतला. काचेच्या कपचीसारखा, नखाएवढाही नाही. झुंबर जवळ आली, तिनं पाहिलं. तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं.

झुंबर बराच वेळ परातीच्या कडेवरचं सुकलेलं पीठ नखानं खरडत राहिली. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? नाव का माझं खराब झालंय? जायचं तिकडं जा."

दुसऱ्या दिवशी तो कुसाबाईकडं गेला. ती ओसरीत तांदूळ निवडत होती. तो उंबऱ्याखालीच उभा राहिला आणि एका दमात बोलला. दातांचं, डॉक्टरणीचं, पहिल्या मण्याचं, खालच्या ओळींचं. कुसाबाईचे हात थांबले नाहीत. खडा सापडला की ती तो बाजूला टाकत होती.

"म्हणजे पाणी फिरलं नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"नाय अक्का. खालच्या वळी कच्च्याच होत्या."

"मी त्या दिवशी तुझ्याकडं बघितलं."

"हां."

"तू मान खाली घातलीस. मला वाटलं, मल्हारीला जमीन ओली दिसली असंल, पण माझी लाज राखायला तो बोलंना. मग मी विचार करत बसले. मोटारीला ऑटो बसवलंय. लाइट आली की आपोआप चालू होते. बटण बंद करायचं केरूच्या ध्यानात राहिलं नसंल." तिनं सूप खाली ठेवलं. "मी केरूला विचारलं. तो नाय म्हणाला. मी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो गप्प झाला. रात्री दारू घेतोस, मोटार तुला कशी कळणार, असंसुद्धा बोलले मी. सकाळी त्यानं खोलीची किल्ली इथं ओसरीत ठेवली आणि गेला. एकोणीस वर्षांत तो मला उलट बोलला नव्हता, तेव्हाही बोलला नाय."

मल्हारीला केरू गेल्याचं माहीत नव्हतं. त्याला वाटलं होतं, नुकसान शेठच्या भावापाशी आणि लोकांच्या बोलण्यापाशी थांबलंय.

"काय करू सांग अक्का."

"ज्यांनी मला चोर ठरवलं त्यांच्यापुढं सांग. आणि केरूला आण."

पहिलं त्यानं दुसऱ्याच दिवशी केलं. शेठच्या शेडवर सकाळी टोळ्या जमतात, टेम्पो उभे असतात. शेठ खुर्चीवर बसून फोनवर बोलत होता. त्याचं बोलणं संपेपर्यंत मल्हारी उभा राहिला.

"शेठ, कुसाबाईनं पाणी दिलं नव्हतं. मी खालची बाग चाखलीच नाय. न चाखता उतरवा म्हणालो."

शेठ हसला. "बहिणीसाठी अंगावर घेतोस व्हय मुकादम?"

"अंगावर नाय घेत. माझे दात गेलेत."

शेठला पटेना, तेव्हा मल्हारीनं तोंड उघडलं. ओठ बोटांनी वर-खाली ओढून धरले आणि तसाच उभा राहिला. सकाळचं ऊन थेट तोंडात पडलं. पुढचे दात झिजून आखूड झालेले, कडा पातळ, एकाचा टवका गेलेला. मागं दाढांवर पिवळे खळगे. टोळीतली माणसं एकेक करून पुढं आली. कुणी वाकून पाहिलं. सवितानं तोंडाला पदर लावला आणि दुसरीकडं बघितलं. लाळ हनुवटीवर आली तरी मल्हारीनं हात काढला नाही.

"बास बास, मिटव," शेठ म्हणाला.

कुसाबाईचा भाव शेठनं वाढवला नाही. माल आंबट तो आंबटच, चूक माझ्या मुकादमाची असली तरी कानपूरवाला मला पैसे देणार नाही, असं त्यानं सांगितलं. टोळी त्यानं त्याच सकाळी ललितकडं दिली. ललित पंचविशीतला, खिशात यंत्र बाळगणारा. पण बागेत शिरला की तोही सवयीनं मणी तोंडात टाकायचा. टेम्पोत चढताना मल्हारीनं त्याला थांबवलं.

"यंत्रावरच बघत जा. खाल्लंसच तर लगेच चूळ भर साध्या पाण्यानं. घरी जाऊन घासू नको लगेच, तासभर जाऊ दे. दात मऊ पडलेला असतो."

"बरं काका," ललित म्हणाला. त्यानं ऐकलं की नुसतं बरं म्हटलं, ते कळलं नाही. टेम्पो गेला. अठरा जणांत सविता तेवढी मागं वळून बघत होती.

केरूसाठी तो पेठच्या बसनं निघाला. घाट चढताना गार वारा आत येत होता, त्यानं उपरणं तोंडाला घट्ट गुंडाळून घेतलं. केरू लेकीच्या घरी होता. उतरणीच्या खाचरावर राब, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजायला झाडाच्या फांद्या तोडून पसरत होता. मल्हारीला पाहून त्यानं कोयता खाली ठेवला, लेकीला हाक मारून पाणी मागवलं. दोघं बांधावर बसले. मल्हारीनं पुन्हा सगळं सांगितलं. आता ते सांगायची त्याला सवय झाली होती आणि त्या सवयीचीच त्याला लाज वाटली.

केरूनं शेवटपर्यंत ऐकलं. "म्हणजे मोटार चालू नव्हती."

"नव्हती."

"माला ठावं होतं. मी बटण बंद करूनच निजायचा."

"मग चल. अक्कानं बोलावलंय. तिला कळलंय आता."

केरूनं फांदीची एक डहाळी मोडली. "माला बाईनं तीनदा इचारलं, मुकादम. पहिल्यांदा इचारलं तवा वाटलं, मालकीण हाय, इचारणारच. दुसऱ्यांदा इचारलं तवा मी बटण बघून आलो. तिसऱ्यांदा इचारलं आन् मालाच वाटायला लागलं, केली असंल चालू. घेतो ना मी रातची थोडी." तो थांबला. "एकोणीस साल मी त्या बागंत होतो. आता तिथं गेलो तर रोज रातचा दोनदा उठून बटण बघंल. तसं काम व्हत नाय."

"तुझी चूक नाय केरू."

"हां, तुम्ही सांगितलं ना. आता माला ठावं झालं." त्यानं कोयता उचलला. "बाईला म्हणा, राग नाय. शेळीचं करडू खोलीमागं बांधलंय त्याला कोण बघतं तेवढं इचारा."

मल्हारी परतला तेव्हा ऊन कलत आलं होतं. कुसाबाई अंगणातच उभी होती. बसच्या रस्त्यावरून तो येताना तिनं त्याच्या मागं बघितलं. तो जवळ आला तरी ती मागंच बघत होती. मग तिला कळलं, मागं कुणी नाही.

"नाय आला," मल्हारी म्हणाला. "राग नाय म्हणाला. करडाचं विचारलं."

"करडू शेखर नाशिकला घेऊन गेला परवा. पोरांना खेळायला." ती पायरीवर बसली. विहिरीजवळच्या खोलीचं दार बंद होतं, बाहेर दोरीवर केरूचा एक जुना सदरा अजून वाळत होता. "काय म्हणाला आणखी?"

मल्हारीनं बटणाचं सांगितलं. तेवढं वगळावं असं त्याच्या मनात येऊन गेलं होतं, पण त्यानं वगळलं नाही. कुसाबाई दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसून राहिली. बागेत पानं पिवळी पडायला लागली होती. खालच्या ओळींत राहून गेलेले दोन-चार घड आता कुठं पिकले होते आणि त्यांवर पाखरं बसली होती.

"बरं," ती उठली. "लांबून आलात. चहा घेणार ना तुम्ही?"

मल्हारीनं वर पाहिलं. जन्मापासून त्या बाईनं त्याला अरेतुरेच केलं होतं. लग्नात, मुलगा झाला तेव्हा, गेणूच्या मर्तिकालाही. ती रागानं बोलली नव्हती. आवाज साधा होता.

"घेतो," तो म्हणाला.

ती आत गेली. थोड्या वेळानं चहा घेऊन आली. घरच्या माणसांना ती पितळी पेल्यात द्यायची. त्याच्यापुढं तिनं फडताळातला कप ठेवला आणि कपाखाली बशी ठेवली.